जुलैच्या आत रंगवून होईल का?

जुन्या गाड्या : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की गाडी घरी रंगवायची असेल तर हात घालायच्या आधी एकदा विचारा, आणि तुम्ही खरंच विचारलंत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सहा पत्रं घेतलीयत. मी पेंटर नाही हे आधीच सांगतो. माझी स्वतःची येझदी मोटारसायकल मी तीन वेळा रंगवली, त्यातली दोन वेळा परत खरवडावी लागली, माझा अधिकार तेवढाच.

प्रश्न : दादा, वडिलांची १९८४ ची येझदी रोडकिंग आहे. बारा वर्षं पडवीत ताडपत्रीखाली होती, इंजिनचं काम आता झालंय. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डे असतो त्याला पुण्याला न्यायचीय, म्हणून मे अखेरीला आठ दिवस सुट्टी टाकून घरीच काळी करतोय. स्प्रेचे सहा डबे आणलेत. पुरतील ना? – चिपळूण

डबे पुरतील हो, पाऊस पुरू देणार नाही. मे अखेर म्हणजे तुमच्याकडे वळीव कधी येऊन टपकेल सांगता येत नाही आणि जूनमध्ये तर कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. अशा हवेत लॅकर टाईपचा, म्हणजे नुसता थिनर उडून वाळणारा रंग मारला की थिनर झरझर उडतो, उडताना पत्र्यातली उष्णता घेऊन जातो, पत्रा गार पडतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर येऊन बसते, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, अगदी तसंच. तो घाम ओल्या रंगात अडकतो आणि काळा रंग राख फासल्यासारखा पांढुरका दिसायला लागतो. स्प्रे गनने मारत असाल तर स्लो थिनर किंवा रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव) घालून थोडंफार सावरता येतं, बंद डब्यात तुम्ही काय घालणार?

दुसरी गोष्ट पेट्रोलची. साध्या डब्यातला रंग वाळतो म्हणजे त्यातला थिनर फक्त उडून जातो, परत थिनर लागला की परत मऊ पडतो, आणि पेट्रोल बऱ्यापैकी थिनरचंच काम करतं. पंपावरचा मुलगा नोझल काढताना दोन थेंब सांडणारच, तो त्याचा धर्म आहे, आणि मग झाकणाभोवती चिकट होऊन बोटाचे ठसे उठतात. टाकीवर शेवटचा हात टू-के चा पाहिजे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लियर (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) किंवा पीयू (पॉलियुरेथेन रंग). तो केमिकल रिअॅक्शननं कडक होतो म्हणून मग पेट्रोलला जुमानत नाही. टू-के डब्यातसुद्धा मिळतो, बुडाला बटण असतं, ते दाबलं की आतला हार्डनर सुटतो आणि मग एक-दोन दिवसांत डबा संपवावाच लागतो, उरलेला पुढच्या रविवारी वापरू असं चालत नाही. पण खाली पुण्याच्या पत्राला दिलेलं उत्तर वाचल्याशिवाय ते बटण दाबू नका, प्लीज.

आता खरं बोलू का, तुमच्या पूर्ण पत्रात रंगाबद्दल आहे, पत्र्याबद्दल एक अक्षर नाही. बारा वर्षं ताडपत्रीखाली म्हणजे ओल आत कोंडून राहिलेली. मागच्या मडगार्डला आतून अंगठ्यानं दाबून बघा, सीटखालचा भाग बघा, चेनकव्हरचा खालचा काठ बघा. वरून रंगाला नुसता पुरळ दिसतो आणि आत तांबेऱ्यानं पत्रा चाळणी झालेला असतो. त्यात ही टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच ऑईल घालायचं, वर्षानुवर्षं ते ऑईल सांडलंय, सायलेन्सरच्या सांध्यांतून उडालंय आणि सगळ्या गाडीवर त्याचा अदृश्य थर बसलाय. तो न काढता तुम्ही घासायला घेतलंत तर पॉलिश पेपर तेच तेल पत्र्यात चोळत बसतो. म्हणून आधी डिग्रीझर, मग साबणाचं पाणी, आणि मग पॉलिश पेपर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळं तो कोरडा घासून धूळ उडवू नका, पेंट रिमूव्हरनं सोलून काढा किंवा वॉटर पेपरनं ओला घासा, आणि लहान मुलं आसपास नकोत.

आणि इथं माझी पहिली चूक सांगतो, कारण दहातले नऊ जण हीच करतात. मी उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी भरली आणि ती मस्त पाणी लावून घासली, गल्लीतल्या गॅरेजात तसंच करताना बघितलं होतं. पॉलिस्टर पुट्टी स्पंजासारखी पाणी पिते. ते पाणी खाली पत्र्यापर्यंत जातं आणि वरून तुम्ही प्राइमर, रंग, क्लियर असं सगळं सील करून टाकता. गाडी दिवाळीत चकाचक होती, पुढच्या गणपतीपर्यंत टाकीवर साबुदाण्याएवढे फुगे. तेव्हा क्रम असा ठेवा की पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर (पत्र्याला ओल लागू न देणारा पहिला थर), पुट्टी त्याच्यावर आणि तीसुद्धा लागेल तेवढीच, घासायची कोरडी, आधी १२० किंवा १८० नंबरचा पेपर मग ३२०, आणि तेव्हा तोंडाला मास्क. पाणी लावून घासायची हौस पुढं सरफेसर प्राइमर (बारीक ओरखडे भरणारा थर) झाल्यावर भागवा, तिथं ६०० चा वॉटर पेपर चालतो. मेटॅलिक असेल तर ८०० पर्यंत जा, नाहीतर खालचे ओरखडे चांदीत चमकतात.

तर जुलैच्या आत? नाही होणार, आणि होऊ देऊ नका. आहे त्याच रंगात पुण्याला या, तिथं सोललेल्या, पोपडे आलेल्या गाड्यांभोवतीच जास्त गर्दी असते. परत गेल्यावर पावसाळ्यात गाडी सुटी करा, पोचे काढून घ्या, क्रोमचे पार्ट द्यायचे तर ते द्या, रबरं आणि स्टिकर जमवा. पत्रा मात्र पावसाळ्यात उघडा करू नका, रातोरात गंज धरतो. दसऱ्यानंतर एकेक पार्ट सोलायला घ्या आणि दिवाळीचे फटाके संपले की कोरड्या हवेत रंग. फटाके संपले की, असं मुद्दाम लिहितोय. ओल्या क्लियरवर भुईनळ्याची राख बसलेली मी काढलीय.

प्रश्न : माझ्या आजोबांची १९६६ ची जावा आमच्याकडे आहे. मूळचा मरून रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम. गुडघ्याच्या रबराभोवती रंग झिजून गेलाय आणि सोनेरी पट्टी अर्धी पुसलीय. धाकट्या भावाला ती चेरी रंगाची कँडी पेंट करायचीय. मला वाटतं राहू द्यावी. व्हिंटेज नोंदणीवर याचा परिणाम होतो का? – कोल्हापूर

ताई, भावाला हे पान वाचायला द्या. गाडीला कारखान्यातला रंग एकदाच मिळतो. मैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तिथून आता कोणी परत मारून देणार नाही. आणि गुडघ्यापाशी जो रंग झिजलाय तो आजोबांनीच झिजवलाय की, तो घासून काढून तिथं चेरी कँडी मारायची म्हणजे मला तरी कसंतरीच होतं.

नोंदणीचं सांगतो. २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली असेल तर तिला राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार आणि मुदत १० वर्षं. नुसता रंग मारला म्हणून गाडी बाद असं नियमात लिहिलेलं नाही, पण ‘मूळ स्वरूप’ हा शब्द आहे, आणि मूळ रंगातली गाडी घेऊन गेलात तर तुम्हाला काही सिद्धच करावं लागत नाही. एक मात्र लक्षात घ्या, त्या नंबरवर रोज दूध आणायला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्याच कामाला गाडी रस्त्यावर काढता येते. आजोबांची गाडी तुम्ही रोज चालवत असाल तर नेहमीच्या नोंदणीवरच राहू दे.

रंग जिवंत करायला आधी साबणाचं पाणी, मग बारीक कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मऊ कापडावर घेऊन हातानंच, मशीन नको. कापड मरून होईल, घाबरू नका, त्या काळच्या रंगावर क्लियरचा थर नसायचा म्हणून रंगच कापडाला येतो. पण म्हणूनच थांबायचं कधी हे कळलं पाहिजे, टाकीच्या काठावर आणि पट्टीवरून कापड फिरवूच नका. शेवटी साधं मेण. जिथं पत्रा उघडा पडलाय तिथंही मेणच, महिन्यातून एकदा.

कँडीबद्दल दोन शब्द भावासाठी. खाली चांदी किंवा सोनेरी बेस मारतात आणि वरून काचेसारखा पारदर्शक रंग थरावर थर. प्रत्येक थराला रंग गडद होत जातो, त्यामुळं हात जरा कमीजास्त पडला की टाकी एका अंगाला चेरी आणि दुसऱ्या अंगाला जांभळी. पुढं ओरखडा पडला तर तेवढाच पॅच जुळवणं जवळपास अशक्य. पहिलीच गाडी असेल तर हे नकोच, आणि ती पहिली गाडी आजोबांची तर नकोच नको.

प्रश्न : जुनी बुलेट घेतलीय, मिलिटरी ग्रीन मारायचीय, शेड सुचवा. – नाशिक

सुचवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, बाकी कोणालाच नाही. दुसरा कुठलाही हिरवा घ्या, पण आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो तेव्हा डबा आणायच्या आधी आरटीओत जाऊन रंगबदलाची नोंद कशी करायची ते विचारून या. उलट्या क्रमानं गेलात तर पुढं विकताना किंवा इन्शुरन्सच्या वेळी कटकट तुम्हालाच आहे.

प्रश्न : राजदूतच्या टाकीला आतून गंज आहे आणि खालून बारीक गळती. मित्र म्हणतो वेल्डिंग मारून ॲसिडनं धू आणि मग चेसीबरोबर टाकीपण पावडर कोटिंगला टाकून दे, रंगाची भानगडच नको. बरोबर आहे का? – सोलापूर

मित्राला माझा नमस्कार सांगा. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण पेट भडकतो तो पेट्रोलच्या वाफेचा. महिनाभर उन्हात उघडी ठेवली तरी गंजाच्या भेगांत पेट्रोल दबा धरून असतं. जोपर्यंत टाकी डिटर्जंट आणि गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली जात नाही तोपर्यंत तिच्याजवळ वेल्डिंग, गॅस, हीट गन, अगदी उदबत्तीसुद्धा नको. आणि वेल्डिंग टाकीचं काम नेहमी करणाऱ्याकडूनच, ते लोक टाकी पाण्यानं भरून नेमकं जोडापुरतं तोंड वर ठेवतात. हे घरी करायचं काम नाही, मी पण करत नाही.

गंज मात्र घरी निघतो. तुमचीही टू-स्ट्रोक, म्हणजे आत ऑईलचा थर, तो आधी डिटर्जंटनं काढा नाहीतर गंजापर्यंत काही पोचतच नाही. मग मूठभर नट किंवा जुन्या चेनचा तुकडा आत टाकून हलवा, मुलांना लावा कामाला, त्यांना आवडतं. त्यानंतर सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून एक-दोन दिवस भरून ठेवा, वाण्याकडं लिंबूफूल म्हणून मिळतं तेच. हे तीव्र ॲसिडासारखं पत्रा खात सुटत नाही. ओतून टाकल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवा, हेअर ड्रायर चालेल कारण आता आत पेट्रोल नाही, आणि त्याच तासाला आत ऑईल फिरवा. बॅटरी चार्जर लावून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंज काढायची पद्धतही चांगली, पण त्यात स्टीलचा साधा गज वापरा, स्टेनलेसचा चमचा नको, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि ते काम उघड्यावर करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

पावडर कोटिंग चेसीला उत्तम, टाकीला नको. भट्टीत पार्ट १८० ते २०० डिग्रीला भाजतात. जुन्या टाक्यांना कोणीतरी कधीतरी कथलाचं डाग (सोल्डर) दिलेलं असतं आणि ते साधारण १८३ डिग्रीलाच वितळायला लागतं. म्हणजे टाकी रंगून येईल, भोकं उघडून येईल. पुट्टी असेल तर तीही फुगते. चेसी देताना बेअरिंगचे कप, रबर बुश सगळं काढून द्या, आणि चेसी नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा, स्वतः उभं राहून लावून घ्या. माझ्या एका दोस्ताच्या चेसीवर पावडरचा इतका जाड थर बसला की नंबरचा आकडा बोटालासुद्धा लागेना, आरटीओत साहेबांसमोर बसून खरवडायची वेळ आली.

प्रश्न : फ्लॅटमध्ये राहतो, तिसरा मजला. बाल्कनी आहे आणि सोसायटीची गच्ची आहे. कॉम्प्रेसर घेऊ का? यामाहा आरएक्स १०० चे फक्त पार्ट रंगवायचेत, टाकी, साईड पॅनल, मडगार्ड. आईला वासाचा त्रास होतो. – पुणे

आईला वास येतो हे बरं आहे. टू-के च्या हार्डनरमधलं आयसोसायनेट वासानं कळेलच असं नाही आणि वाईट तेच आहे. ते श्वासातून जाऊन दम्यासारखा आजार करतं, आणि शरीरानं एकदा त्याचा धसका घेतला की नंतर अगदी थोड्यानंही धाप लागते, कायमची. रुमाल, साधा मास्क, एन-९५ यातल्या कशानंच ती वाफ अडत नाही. व्यवस्थित काम करणारे पेंटर बाहेरून नळीनं हवा येणारा मास्क घालून बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत मारतात. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत टू-के मारणं म्हणजे आईला, स्वतःला आणि चौथ्या मजल्यावाल्यांना एकाच वेळी. नकोच.

पण म्हणून तुमची हौस मारायला सांगत नाही. काम वाटून घ्या. सोलणं, पोचे, पुट्टी, घासाघासी हे सगळं तुम्ही गच्चीवर करा, नव्वद टक्के काम तेच आहे आणि गॅरेजवाला नेमकी तिथंच घाई करतो. इपॉक्सी प्राइमर छोट्या पार्टना उघड्या गच्चीवर ग्लोव्हज आणि काडतुसवाला (वाफ गाळणारा) मास्क लावून मारता येतो. बेसकोट (मुख्य रंगाचा थर) आणि क्लियरसाठी पार्ट पिशवीत भरून बूथ असलेल्या कार पेंटरकडे न्या, तो एखाद्या गाडीच्या दरवाज्याला क्लियर मारत असेल तेव्हा त्याच मालात तुमची टाकी पण होऊन जाते. तयार पत्रा बघून तो खूश होतो, माझा पेंटर तर म्हणाला होता, शेठ नोकरी सोडून इकडंच या.

कॉम्प्रेसर घ्यायचाच असेल तर मोठी १.४ एमएम नोझलची गन चालवायला लागणारी हवा घरगुती एक एचपीच्या मशीनला झेपत नाही, दोन हात मारले की प्रेशर पडतं आणि रंग थुंकल्यासारखा उडतो. त्यापेक्षा १ एमएम नोझलची छोटी टच-अप गन घ्या, टाकी-पॅनलला ती पुरते. गन पार्टपासून वीतभर लांब, पार्टच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायची, आधीच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा चढवत जायचं. मनगट वळवू नका, सगळा हात न्या. पत्र्याच्या टाकाऊ डब्यांवर आठवडाभर सराव करा, तेलाचे पंधरा किलोचे डबे झकास असतात.

आणि डोक्याला खोबरेल लावून रंगवायला जाऊ नका. हसू नका, ताज्या रंगात बारीक गोल खड्डे पडतात ना, माशाच्या डोळ्यासारखे, ते तेल नाहीतर सिलिकॉन पॉलिशमुळं. केसातून हाताला, हातातून टाकीला.

प्रश्न : येझदीच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा स्टिकरऐवजी हातानं ओढून घ्यायच्यात. क्लियरच्या आधी की नंतर? कोण करून देईल? – सांगली

नंतर. क्लियर पूर्ण कडक होऊ दे, किमान आठवडा, मग वरून इनॅमल रंगानं रेषा. याचा फायदा असा की रेषा वाकडी गेली तर लगेच टर्पेंटाईनच्या बोळ्यानं पुसून परत ओढता येते, खालच्या टू-के ला टर्पेंटाईन काही करत नाही. उलटं केलंत, म्हणजे कच्च्या इनॅमलवर क्लियर मारला, तर रेषा सुरकुतून वर येते. बुलेटच्या टाकीवरच्या रेषासुद्धा मद्रासच्या कारखान्यात वर्षानुवर्षं हातानंच ओढल्या गेल्या, लांब केसांचा ब्रश आणि बोटाचा आधार, बाकी काही नाही.

माणूस तुमच्या गावातच आहे. नंबरप्लेट आणि दुकानांचे बोर्ड रंगवणारा जुना पेंटर शोधा. फ्लेक्सनं त्याचे बोर्ड गेले आणि एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) आली तशा प्लेटापण गेल्या, पण हात कुठं जातोय. मी ज्यांच्याकडून करून घेतलं ते आता रसवंतीच्या गाड्यावर बसतात, ब्रश मात्र तेल लावून जपून ठेवलेले. त्यांनी पट्टी लावली नाही, टेप लावली नाही, टाकी मांडीवर घेतली आणि करंगळी काठावर टेकवून एका श्वासात रेष ओढली. मी बाजूला श्वास धरून. दोन्ही बाजू सारख्या यायला एका बाजूचा आकार ट्रेसिंग पेपरवर घेऊन उलटा करून दुसरीकडं खडूनं उतरवला, एवढाच काय तो आधार.

हां, एक सांगायचं राहिलं. त्यांना उजवी बाजू आधी ओढायला सांगा. येझदीची किक डाव्या अंगाला, गाडी बघायला येणारा पण त्याच अंगाला उभा राहतो, तेव्हा हात बसेपर्यंतच्या रेषा पलीकडच्या बाजूला गेलेल्या बऱ्या.